जुने पण घालण्याजोगे कपडे: ठेवायचे की द्यायचे, हे ठरवण्याची पद्धत

घट बसण्याच्या आधी घरोघरी लोखंडी पेट्या उघडल्या जातात, माळ्यावरची गाठोडी खाली येतात, ओसरीवर कपड्यांचा ढीग पडतो आणि दिवे लागणीच्या वेळी त्यातले बहुतेक कपडे पुन्हा त्याच पेटीत जाऊन बसतात. असे दरवर्षी घडण्याचे कारण क्रमातल्या एका चुकीत आहे. कपडा कोणाकडे जाणार हे ठाऊक नसतानाच तो ठेवावा की द्यावा हे ठरवायला आपण बसतो, आणि घेणारा डोळ्यांसमोर नसला की धड कपडा हातातून सुटत नाही. म्हणून पुढील पद्धतीत घेणारा आधी आणि निवड नंतर आहे. हा क्रम उलटा केल्यास बाकीचे टप्पे कितीही काटेकोरपणे पाळले तरी उपयोग होत नाही.

येथे फक्त घालण्याजोग्या कपड्यांचा विचार केला आहे. फाटके, विरलेले किंवा न निघणाऱ्या डागांचे कपडे दानात मोजू नयेत. त्यांची फडकी करावीत किंवा त्यातले सुती कापड वाकळीसाठी, म्हणजे गोधडीसाठी, वेगळे काढावे.

टप्पा १: दिवस ठरवणे

नवरात्राच्या तोंडावर अंथरूण-पांघरूण धुण्याचे मोठे काम असते. त्याच गडबडीत कपड्यांची निवड उरकू नये. ज्या ऋतूचा कपडा त्या ऋतूच्या शेवटी तपासावा, कारण तेव्हा तो यंदा अंगावर चढला की नाही हे नक्की आठवते. स्वेटर, शाली आणि कानटोप्या संक्रांतीनंतर फेब्रुवारीत पाहाव्यात, लग्नातले कपडे लग्नसराई संपल्यावर जूनमध्ये आणि रोजचे कपडे पावसाळा ओसरल्यावर. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, स्वेटर हातात घेतला की तो निरुपयोगीच वाटतो. तोच स्वेटर जानेवारीत परभणी-हिंगोलीकडे पारा १० अंशांखाली गेला की शोधावा लागतो.

एका दिवशी एकाच माणसाचे कपडे घ्यावेत. सगळ्या घराचा ढीग एकदम काढला की तीन तासांनी डोळे थकतात आणि थकलेला माणूस एक तर सगळे ठेवतो, नाही तर सगळे देऊन टाकतो.

टप्पा २: घेणारा आधी शोधणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक घरांत तोच गाळला जातो. पेटी उघडण्यापूर्वी आठ-दहा दिवस एक कागद घेऊन कोणत्या प्रकारचा कपडा कोणाला आणि कोणत्या महिन्यात लागतो, हे विचारून लिहावे. आपल्या मराठवाड्यात ही गरज बरीच ठरलेली असते.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बाहेर पडतात. कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थंडीत राहणे असते. पहाटेच्या अंधारात फड गाठावा लागतो. उसाच्या पात्याने हात कापतात आणि अंगाला कूस (उसावरची बारीक कुसळे) लागते, म्हणून पूर्ण बाह्यांचे जाड सुती शर्ट, फुलपँट, स्वेटर आणि लहान मुलांचे गरम कपडे यांची त्यांना खरी गरज असते. हे कपडे टोळ्या निघण्याच्या आधी पोहोचले पाहिजेत. डिसेंबरात ते गावात आणून देण्यात अर्थ नाही, कारण घेणारी माणसे तेव्हा कारखान्याच्या रानात असतात. कापूस वेचणीलाही पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट लागतात. बाया ते लुगड्यावरून घालतात, म्हणजे बोंडाच्या काट्यांनी हात ओरबाडत नाहीत. कॉलर विरलेली असली तरी या कामाला चालते, बाही मात्र धड हवी. आपल्या घरात ‘कोणी घालत नाही’ म्हणून पडलेला शर्ट वेचणीच्या तीन महिन्यांत रोज अंगावर चढतो. ही माहिती कागदावर आली की त्या शर्टाचा निर्णय क्षणात होतो.

शाळेचे गणवेश जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतात, तेव्हा ते मेअखेरीस तयार ठेवावेत. त्याच शाळेत खालच्या वर्गात शिकणारे मूल शोधले तर रंगाचा प्रश्न येत नाही. बाळाची झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी नात्यात किंवा शेजारी फिरती ठेवण्याची पद्धत चांगली आहे, ती मोडू नये.

घरी कामाला येणाऱ्या ताईंना किंवा मावशींना कपडे देताना आधी विचारावे, आणि विचारताना नकाराला जागा ठेवावी: “ताई, हे कपडे तुमच्याकडे कोणाच्या उपयोगी पडतील का? नको असतील तर मोकळेपणाने सांगा.” दिलेला कपडा पगारात, दिवाळीच्या बक्षिसात किंवा उचलीत धरू नये. शेतावर सालगडी असेल तर पाडव्याला ठरलेल्या करारात कपड्यांचा उल्लेख असू शकतो. ते कपडे नवेच द्यायचे असतात. त्यांच्या जागी आपले जुने कपडे देणे म्हणजे ठरलेल्या मजुरीत कपात करणे होय, आणि मी याला साधी चूक म्हणत नाही, हा अन्याय आहे.

भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीला कपडे देणे हाही चांगला मार्ग आहे. तिच्याकडून ते जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात आणि पैसे मोजून घेणारा माणूस ते घालतो. गावात ‘माणुसकीची भिंत’ (नको असलेले कपडे ठेवण्याची आणि हवे त्याने नेण्याची सार्वजनिक जागा) असेल तर ती चालू आहे का, तिची देखभाल कोण करते आणि पावसात कपडे भिजतात का, हे स्वतः जाऊन पाहावे.

इशारा: पूर किंवा अन्य आपत्तीच्या बातमीवर पेटी रिकामी करू नये. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूरकडील अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी अंथरूण-पांघरूण, कोरडी आतली वस्त्रे (तीही नवीच), मुलांचे कपडे आणि धान्य यांची गरज आधी असते. तिथे काम करणाऱ्या माणसाला फोन करून काय हवे आहे ते विचारावे आणि तेवढेच पाठवावे. न निवडलेले गाठोडे तिथे पोहोचले की आधीच दमलेल्या माणसांना ते उपसत बसावे लागते.

तपासणी: कागदावर निदान तीन घेणारे आणि प्रत्येकापुढे महिना लिहिलेला असल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा ३: कपडा ज्याचा, निर्णय त्याचा

पेटी उघडल्यावर आधी कपडे माणसांप्रमाणे वेगळे करावेत. दुसऱ्याच्या कपड्यांचा निर्णय त्याच्या माघारी घेऊ नये. घरातले बरेच अबोले एखाद्या शर्टावरून किंवा ओढणीवरून सुरू झालेले असतात. मुलगा पुण्याला नोकरीला असेल किंवा मुलगी सासरी असेल, तर कपडे पसरून छायाचित्रे पाठवावीत आणि उत्तरासाठी दिवस ठरवून द्यावा. ‘ठेव’ असे उत्तर आले तर तो कपडा पुढच्या खेपेला त्यांच्याकडे पाठवावा. माहेरची पेटी हे कायमचे गोदाम होऊ देऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत वेग कमी ठेवावा. सासूबाईंचे लुगडे त्यांच्या हातात द्यावे, त्या काय बोलतात ते ऐकावे आणि उत्तर त्या दिवशी न मिळाल्यास लुगडे बाजूला ठेवून पुढे जावे.

टप्पा ४: अंगावर घालून आणि उजेडात धरून पाहणे

घडी हातात घेऊन निर्णय करू नये. घडीतला कपडा नेहमी नवाच दिसतो. तो अंगात घालावा, हात वर करावेत, खाली बसावे आणि मांडी घालून पाहावी. बसताना शिवण ताणली जात असेल तर तो कपडा आज आपल्या मापाचा नाही. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेल्या कपड्यांपैकी एकच जोड ठेवावा आणि उरलेले त्या मापाच्या माणसाला द्यावेत.

त्यानंतर कपडा दारातल्या उजेडाकडे धरून पुढील जागा पाहाव्यात: काखा, पँटचा बसण्याचा भाग, कोपर, कॉलरची घडी आणि साडीच्या निऱ्यांचा खालचा काठ. तिथे कापड विरळ दिसत असेल तर दोन्ही हातांनी हलकेच ओढावे. चर्र आवाज आला तर तो कपडा देण्याच्या ढिगात जाणार नाही. इलॅस्टिक ताणून सोडावे. पत्र्याच्या छताखाली आणि लोखंडी पेटीत दोन-तीन उन्हाळे काढलेले इलॅस्टिक अनेकदा कडक होऊन तुटते. ते बदलण्याची तयारी असेल तरच पायजमा द्यावा. चेन वरखाली करून पाहावी, बटणे मोजावीत.

इशारा: सर्व खिसे उलटे करावेत. बंडीचा चोरखिसा, कोटाचा आतला खिसा आणि लुगड्याच्या घड्या यांत वडीलधारी माणसे नोटा, पावत्या, क्वचित सोन्याचा मणीही ठेवतात. आमच्या वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशात मुदतठेवीची पावती होती. कोट नेलेल्या गृहस्थांनी ती स्वतः येऊन परत दिली, म्हणून हा इशारा मी प्रत्येकाला देतो. कंपनीच्या गणवेशावरचे नाव आणि बोधचिन्ह उसवून काढावे. पोलीस किंवा सैन्याचा गणवेश कोणालाही देऊ नये.

टप्पा ५: ठेवणे, देणे, थांबवणे

आता प्रत्येक कपड्याला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षभरात हा कपडा किती वेळा घातला? याच कामासाठी यापेक्षा चांगला दुसरा कपडा घरात आहे का? आणि कागदावर लिहिलेल्यांपैकी कोणाला हा यंदाच उपयोगी पडेल का?

वर्षभरात एकदाही न घातलेला, पर्याय असलेला आणि घेणारा ठरलेला कपडा द्यावा. घातला जात असेल तर तो कितीही जुना असला तरी ठेवावा. वापरातला मऊ सुती सदरा केवळ रंग उतरला म्हणून देऊन त्या जागी नवा आणण्यात कोणाचेच भले नाही. घातला नाही पण घेणाराही नाही, अशा कपड्यासाठी आधी घेणारा शोधावा. मन होत नसेल तर तो थांबवण्याच्या ढिगात टाकावा, मात्र हा ढीग एका गाठोड्यापेक्षा मोठा होऊ देऊ नये.

नेहमीची चूक अशी की किंमत आठवून कपडा ठेवला जातो. ‘तीन हजारांची साडी आहे’ हे कारण ठेवण्याला पुरेसे नाही. ते तीन हजार दुकानात दिले गेले आहेत आणि साडी पेटीत राहिल्याने परत येणार नाहीत. दुसरी चूक याच्या उलट आहे: रिकाम्या कपाटाच्या समाधानासाठी शेतात, रंगकामाला किंवा धुळवडीला घालायचे जुने कपडेही दिले जातात आणि मग तिथे चांगले कपडे खराब होतात. अशा कामांसाठी प्रत्येकी दोन जोड ठेवावेत.

टप्पा ६: वेगळ्या विचाराचे कपडे

*आहेरातल्या साड्या.* लग्नाकार्यात आलेल्या देण्याघेण्याच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या घडी न मोडता पेटीत साठतात आणि पुढच्या आहेरात फिरतात. त्या फिरवायच्या असतील तर कोणाकडून आली याची चिठ्ठी घडीत ठेवावी. तीच साडी देणाऱ्याच्याच घरी परत जाणे दोघांनाही लाजिरवाणे होते. बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या असतात. ज्यांच्या घरी रोज चुलीवर स्वयंपाक होतो, त्यांना रोजच्या नेसण्यासाठी त्या देऊ नयेत, कारण हे कापड पेटले की वितळून अंगाला चिकटते. चुलीपुढे सुतीच बरे.

*पैठणी आणि जरीची लुगडी.* ही बोहारणीच्या ढिगात घालण्याआधी जर तपासावी. खरी जर म्हणजे चांदीची चपटी बारीक तार रेशमी दोऱ्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेली असते, त्यामुळे वापरून जीर्ण झालेल्या लुगड्याच्या काठालाही मोल असते. काठाच्या मागून एक धागा काढून चिमट्याने ज्योतीवर धरावा. तो आक्रसून प्लॅस्टिकसारखा गोळा झाला तर जर नकली आहे. धातूचा वाटल्यास निदान दोन ठिकाणी दाखवावा आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. काळी पडलेली जर म्हणजे खोटी जर, असे समजू नये. चांदीही काळी पडते. लुगडे नेसण्याजोगे असेल तर जरीतली चांदी काढण्यासाठी ते जाळायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

*गेलेल्या माणसाचे कपडे.* कार्याच्या दिवशी रिवाजाप्रमाणे जे द्यायचे ते द्यावे, परंतु उरलेल्या कपड्यांचा निर्णय त्या तेरा दिवसांत करू नये. भेटायला आलेले नातेवाईक ‘हे घरात ठेवू नका’ म्हणून घाई करतात. त्यांना नम्रपणे थांबवावे. पेटी बंद करून निदान वर्षश्राद्धापर्यंत राहू द्यावी. त्यानंतर पहिला शब्द पतीचा किंवा पत्नीचा असावा. आठवणीसाठी ठेवायचे ते वापरता येईल असे ठेवावे: वडिलांची शाल, आजीचे इरकल लुगडे. आईच्या चार सुती साड्यांची वाकळ शिवून घेतली तर ती रोज अंगावर राहते, आणि पेटीत कसर (कापड खाणारी कीड) लागून संपलेल्या साडीपेक्षा हे कितीतरी चांगले आहे.

टप्पा ७: वाकळीसाठी कापड काढणे

वाकळीत सुती कापडच घालावे. शंका असल्यास एक धागा जाळून पाहावा: सुताचा जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरडणारी राख राहते, तर पॉलिस्टरचा कडक मणी बनतो. पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून सरकतात, टाके धरत नाहीत आणि उन्हाळ्यात अंगाखाली तापतात. फॉल, हुक, बटणे आणि जरीकाठ आधीच उसवावेत. वरचा आणि खालचा थर सर्वांत धड लुगड्यांचा, आतले थर विरलेल्या कापडाचे असा क्रम ठेवावा. शिवणाऱ्या बाईंची मजुरी कापड देतानाच ठरवावी आणि त्यातून वाचलेल्या तुकड्यांना मजुरी समजू नये.

टप्पा ८: धुणे, बांधणे, पोहोचवणे

सगळी पेटी धुवून मग निवड करण्याची पद्धत आपल्याकडे परवडत नाही. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, तिथे आधी निवड करावी आणि देण्याचे कपडेच धुवावेत, तेही पाणी येण्याच्या दिवशी. रंगीत कपडे उलटे करून सावलीत आणि पांढरे सुती उन्हात वाळवावेत. दमट कपड्याची घडी घालू नये.

इशारा: डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले बाळाचे कपडे तसेच कोणाला देऊ नयेत. त्यातील नॅफ्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. असे कपडे धुवून, उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच द्यावेत.

तुटलेले बटण लावावे, उसवलेली शिवण घालावी. दहा मिनिटांच्या या कामाने कपडा घेतल्या दिवशी अंगावर चढतो. आतली वापरलेली वस्त्रे आणि मोजे देऊ नयेत. गाठोडी माणसाप्रमाणे बांधावीत आणि वर चिठ्ठी लावावी: ‘मुलगा, ८ वर्षे, गरम कपडे’. शर्टासोबत त्याचीच पँट असावी, ब्लाउज साडीच्या घडीत असावा. कपडे शक्यतो स्वतः पोहोचवावेत, चारचौघांसमोर देऊ नयेत. देतानाची छायाचित्रे काढू नयेत. दिल्यावर तो कपडा कोणी घातला, विकला की पुढे दिला, याची चौकशी करू नये.

तपासणी: बांधलेले गाठोडे आठ दिवसांच्या आत घराबाहेर गेले पाहिजे. दाराशी महिनाभर पडलेले गाठोडे कोणीतरी उघडतेच.

टप्पा ९: ठेवलेले आणि थांबवलेले

ठेवलेल्या सुती कपड्यांना खळ असेल तर ती धुवून काढूनच ते पेटीत घालावेत, कारण खळीवर कसर येते. लोकरी आणि रेशमी कपड्यांना घामाचा डाग राहिला तर तिथूनच कीड सुरू होते. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. ती धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळावी, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी आणि जरीला डांबरगोळी किंवा अत्तर लागू देऊ नये. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो कडक वाळलेला असावा, कारण ओलसर पाल्याने कापडावर डाग पडतात. मातीच्या घरात पेटी विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, म्हणजे वाळवी आली तर लगेच दिसते.

थांबवलेल्या गाठोड्यावर तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनंतरचा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदवावा. मधल्या काळात एखादा कपडा खरोखर हवासा वाटला तर तेवढा काढून घालावा. नुसते पाहण्यासाठी गाठ सोडू नये. नोंदवलेल्या दिवशी गाठोडे उघडण्याआधी त्यात काय आहे हे आठवून कागदावर लिहावे. जे आठवले ते पेटीत परत ठेवावे, आणि जे आठवले नाही ते झटकून, एक दिवस ऊन देऊन, टप्पा २ च्या कागदावरील त्या महिन्याच्या माणसाकडे पोहोचवावे.